पोहोचवण्यातले सुख

(घोडेगाव येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय कळवला तो ‘काम, सुख आणि आजचे जगणे’ असा. या विषयावर बोलणाऱ्यांची आज वानवा नाही. पुण्या-मुंबईच्या कोणत्याही पुस्तकांच्या दुकानात गेलात, तर दर्शनी फळीवर सुखी होण्याचे मार्ग सांगणाऱ्या पुस्तकांचीच रास दिसते. त्यांतली बरीचशी परदेशात लिहिलेली आणि घाईघाईने भाषांतरित केलेली. ती वाचू नयेत असे मी म्हणणार नाही. परंतु घोडेगावात उभे राहून या विषयावर बोलायचे आणि दाखले मात्र अमेरिकेतल्या कारखान्यांचे द्यायचे, हे मला प्रशस्त वाटत नाही. काम आणि सुख यांचा एक मोठा प्रयोग आपल्याच मुलखातील माणसांनी एकशे तीस वर्षे चालवून दाखवला आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या तालुक्यांतील माणसे मुंबईत जेवणाचे डबे पोहोचवतात, हे येथे कोणाला सांगायला नको. समोर बसलेल्यांपैकी अनेकांच्या घरातला कोणी काका, मामा, आजोबा त्या धंद्यात असेल. त्यांच्याविषयी परकीयांनी पुष्कळ लिहिले. आपण मात्र त्यांच्याकडे ‘बिचारे कष्ट करतात’ एवढ्याच नजरेने पाहत आलो.

१८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत हे काम सुरू केले, असे ही मंडळी परंपरेने सांगतात. मुंबईत गिरण्या उभ्या राहत होत्या, कचेऱ्या वाढत होत्या. नाना जातींची, नाना प्रांतांची माणसे तेथे एकत्र आली होती आणि प्रत्येकाची जेवणाची रीत निराळी होती. घरचे अन्न दुपारी कचेरीत मिळावे ही साधी गरज होती. ती भागवायला पुढे आला तो घाटावरचा शेतकरी. पश्चिमेला पाऊस उदंड, पण जमीन उताराची; पूर्वेला जमीन बरी, पण त्या काळी पाण्याची वाण. वर्षातले काही महिने घरात दाणा पुरेना, म्हणून घाट उतरून मुंबई गाठायची, हा या भागाचा जुना शिरस्ता. महाळुंगे पडवळचे बाबू गेनू असेच पोटासाठी गिरणीत गेले आणि १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत परदेशी कापडाच्या मालमोटारीसमोर आडवे होऊन देशासाठी कामी आले. डिंभ्याच्या जलाशयाला त्यांचे नाव आहे. सांगण्याचा हेतू एवढाच, की मुंबईला गेलेला इथला माणूस केवळ मजुरी करून परत आला नाही.

आता डबेवाल्यांचे काम नेमके चालते कसे ते पाहू, कारण त्यातच आजच्या विषयाचे मर्म आहे. सकाळी नऊच्या सुमारास एक जण सायकलवरून आपल्या ठरलेल्या तीस-चाळीस घरांतून डबे गोळा करतो. जवळच्या स्थानकावर सगळे जमतात. तेथे डब्यांची वाटणी होते. कोणता डबा कोणत्या स्थानकावर उतरायचा त्यानुसार ते लांब लाकडी पाट्यांत लावले जातात. भरलेली पाटी सहज साठ-पासष्ट किलोंची होते. ती डोक्यावर घेऊन लोकलच्या लगेजच्या डब्यात चढायचे. दादर, चर्चगेट अशा ठिकाणी पुन्हा वाटणी होते आणि मग हातगाडीवर, सायकलवर किंवा डोक्यावरून डबा इमारतीत, मजल्यावर, टेबलापर्यंत जातो. वेळ साडेबारा ते एक. जेवणे उरकली की रिकामे डबे उलट्या वाटेने संध्याकाळपर्यंत घरी. एक डबा जाताना तीन-चार हात बदलतो आणि येतानाही तितकेच. झाकणावर रंगाने काढलेल्या खुणा, थोडे आकडे, थोडी अक्षरे, इतक्यावर हा सगळा व्यवहार. पूर्वी तर रंगीत दोरे बांधत. ज्यांनी हे उभे केले त्यांतले अनेक निरक्षर होते आणि पुढच्यांचेही शिक्षण सातवी-आठवीपलीकडे क्वचितच गेलेले. २०२० पूर्वीच्या काळात सुमारे पाच हजार माणसे दररोज दीड ते दोन लाख डबे अशा रीतीने नेत-आणत होती.

१९९८ साली ‘फोर्ब्स’ने त्यांच्यावर लेख छापला, २०१० साली हार्वर्डच्या व्यवस्थापन विद्यालयाने त्यांच्यावर अभ्यास-प्रकरण तयार केले. नोव्हेंबर २००३ मध्ये ब्रिटनचे युवराज चार्ल्स चर्चगेटला येऊन त्यांना भेटले. ती भेट आमच्या कामाच्या वेळा सांभाळून ठरली, हे मंडळी अभिमानाने सांगतात आणि तो अभिमान रास्तच आहे. २००५ साली युवराजांच्या विवाहाला रघुनाथ मेदगे आणि सोपान मरे हे दोघे जाऊन आले. या साऱ्याबरोबर एक कथाही पसरली. डबेवाल्यांना ‘सिक्स सिग्मा’चे प्रमाणपत्र मिळाले आहे आणि एक कोटी साठ लाख डब्यांत त्यांची एकच चूक होते, अशी ती कथा. व्याख्यानांतून, फलकांवरून ती आजही सांगितली जाते. पत्रकार म्हणून मला येथे थोडे थांबावेसे वाटते. ‘फोर्ब्स’ हे नियतकालिक आहे, ते अशी प्रमाणपत्रे देत नाही. आणि दीड कोटी डब्यांची मोजदाद कोणी वही घेऊन केलेली नाही. आपल्या माणसांची थोरवी सांगायला आपल्याला परकीय शिक्क्याची गरज का वाटावी? चूक क्वचितच होते, एवढे मुंबईकर पिढ्यान्‌पिढ्या अनुभवाने सांगत आला, तेवढे पुरेसे आहे. गंमत अशी की २०१३ साली ‘द लंचबॉक्स’ हा चित्रपट आला तोच मुळी डबा चुकीच्या टेबलावर गेल्याच्या कल्पनेवर. गोष्ट व्हायला चूकच लागली; रोज बरोबर पोहोचणाऱ्या दोन लाख डब्यांची गोष्ट कोण सांगणार?

मला महत्त्वाचा वाटतो तो निराळाच प्रश्न. हे काम शरीर मोडणारे आहे. ऊन, पाऊस, लोकलची गर्दी, डोक्यावर दीड मणाहून अधिक ओझे आणि घड्याळाचा काटा. मोबदला बेताचा. तरीही बाप गेला, मुलगा गेला, नातू गेला, अशी तीन-तीन पिढ्यांची माणसे त्यात टिकली. केवळ दुसरे काही मिळत नव्हते म्हणून, असे कोणी म्हणेल. ते काही अंशी खरे आहे. परंतु नाइलाजाने केलेले काम इतके चोख होत नाही. नाइलाजाचे काम कसे असते ते आपण सरकारी खिडकीवर पाहतोच.

पहिली गोष्ट अशी की त्या डब्याच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस वाट पाहत असतो. तो कोण, हे डबेवाल्याला ठाऊक असते. अमक्या साहेबांना मधुमेह आहे, त्यांच्या डब्यात भात नसतो, हेही कधी कधी ठाऊक असते. आपण आज काम केले नाही तर तीस-चाळीस माणसे उपाशी राहतील, ही जाणीव माणसाला जितकी ताठ उभी करते तितकी कोणतीही बढती करत नाही. आता आपल्या घरातल्या शिकलेल्या मुलांचा विचार करा. हिंजवडीत दिवसाचे दहा-बारा तास संगणकावर काम करणाऱ्या मुलाला विचारा, की तू केलेले काम शेवटी कोणाच्या उपयोगी पडते? तो बराच वेळ समजावून सांगतो, आपल्याला कळत नाही आणि पुष्कळदा त्यालाही ते पुरते ठाऊक नसते. त्याच्या कामात खोट आहे असे मी म्हणत नाही. त्या कामामुळेच आपल्या बँकेचा व्यवहार फोनवर होतो. परंतु काम करणारा आणि कामाचे फळ घेणारा यांच्यात इतक्या भिंती उभ्या राहिल्या आहेत, की ‘धन्यवाद’ हा शब्द पलीकडून अलीकडे पोहोचतच नाही. मग त्याची भरपाई पगाराने करावी लागते, आणि पगार कितीही वाढला तरी ती भरून येत नाही.

दुसरे म्हणजे धंदा त्यांचा स्वतःचा आहे. पंधरा-वीस-पंचवीस जणांचा एक गट, त्याला एक मुकादम. नव्याने येणाऱ्याने सायकल, पाटी, पांढरे कपडे, टोपी असे आपले भांडवल घेऊन यायचे. महिन्याचे उत्पन्न जमले की खर्च वजा जाता गटात समान वाटणी. म्हातारा झालेला गडी कमी घरे फिरतो, तरुण जास्त फिरतो. वाटा मात्र सारखा. आजच्या व्यवस्थापनशास्त्राला हे पटणार नाही. ते म्हणेल, जास्त करणाऱ्याला जास्त द्या, नाही तर तो आळशी होईल. पण तरुणाला ठाऊक असते, की आपणही उद्या म्हातारे होणार आणि तेव्हा हाच गट आपल्याला सांभाळणार. शिस्तही त्यांचीच. कामावर दारू घेतली, टोपी घातली नाही, तर दंड. आणि तो दंड वरून कोणी साहेब करत नाही, आपलीच माणसे करतात. १९५६ मध्ये त्यांचा न्यास नोंदला गेला, १९६८ मध्ये संघटना झाली. पण नोंदणीच्या आधी सहा-सात दशके हा कारभार शब्दावरच चालला होता.

त्यांच्या शेजारून आज त्याच मुंबईत आणि पुण्यातही दुसरी मुले अन्नच पोहोचवत धावताना दिसतात. पाठीवर चौकोनी पिशवी, दुचाकीवर अडकवलेला मोबाईल. कामाचे वर्णन केले तर दोघांचे काम एकच. पण या मुलाला आपण कोणासाठी अन्न नेतो ते ठाऊक नाही. उद्या दुसरे घर, परवा तिसरे. त्याचा मुकादम म्हणजे फोनमधली एक गणिती रचना. ती त्याला ऑर्डर देते, उशीर झाला तर गुण कमी करते, आणि तिच्याशी भांडता येत नाही. ग्राहकाने बोटाने दाबलेल्या चांदण्यांवर त्याची मिळकत हलते. ही मुले काही कमी कष्टाळू नाहीत. त्यांतली कित्येक याच तालुक्यांतली आहेत. म्हणून मला वाटते, काम हलके की जड, मानाचे की साधे, हा सुखाच्या बाबतीत दुय्यम प्रश्न आहे. त्या कामात माणूस कोणाशी बांधलेला आहे, हे आधी पाहावे लागते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये एका ख्यातनाम उद्योजकांनी तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावे असे म्हटले आणि देशभर वाद झाला. जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या एका उद्योगप्रमुखांनी हा आकडा नव्वदवर नेला. राष्ट्र उभारायचे तर श्रम हवेत, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. या विचाराच्या घरांत आपण वाढलो आहोत. तरी तासांच्या हिशेबाने कर्म मोजायचे, ही दृष्टी मला आपली वाटत नाही. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिले, १९१५ साली ते प्रसिद्ध झाले. त्यात कर्माचा एवढा पुरस्कार आहे, पण तासांचे कोष्टक कोठे नाही. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. त्यात विनोबा कर्माला विकर्माची जोड द्यायला सांगतात. बाहेरून हाताने जे चालले आहे त्यात आतून मन ओतले गेले, की कामाचा भार वाटेनासा होतो. मन न ओतता केलेले चाळीस तासही जड, आणि ओतून केलेले साठ तासही एखादे वेळी हलके. मात्र एक पथ्य विसरून चालणार नाही. ‘मन ओता’ हे नोकराला सांगणे सोपे आहे. मन ओतावे असे काम आणि असा मान त्याला देणे, ही मालकाची बाजू. ती न सांभाळता कर्मयोग सांगणे म्हणजे गीतेचा वापर पगार वाचवण्यासाठी करणे होय.

डबेवाल्यांच्या जीवनात या गोष्टी ग्रंथ वाचून आल्या नाहीत. त्यांतले बहुसंख्य वारकरी. गळ्यात माळ, संध्याकाळी भजन. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात आपले विहित कर्म हेच फूल मानून ईश्वराला वाहण्याची कल्पना येते, ती त्यांनी कानांनी ऐकलेली असते. ज्या रेड्याच्या मुखातून वेद वदवल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो, त्याची समाधी इथून जवळच आळ्याला आहे. सावता महाराजांना मळ्यातच विठ्ठल दिसला, गोरोबांना मातीत. अन्न पोहोचवणे म्हणजे भुकेल्याच्या मुखात घास घालणे, ही त्यांची समजूत साधी आहे, पण तिच्यामुळे दिवस उजाडताना कामाला अर्थ येतो आणि दिवस मावळताना काम संपते. हे ‘संपणे’ मला फार मोलाचे वाटते. रिकामा डबा घरी पोहोचला, सायकल भिंतीला लावली, की त्या दिवसाचे काम झाले. रात्री अकरा वाजता कोणाचा संदेश नाही. आमच्या शिकलेल्या मुलांचे काम कधी संपतच नाही. ते त्यांच्याबरोबर जेवायला बसते, अंथरुणातही येते. आणि चैत्रात गावोगावच्या जत्रा आल्या, की ही मंडळी पाच-सहा दिवस सगळे काम थांबवून गावी येतात. मुंबईतल्या ग्राहकालाही ते ठाऊक असते. तो आठवडाभर बाहेरचे खातो, कुरकुरतो, पण डबेवाला बदलत नाही.

इथपर्यंत ऐकून कोणाला वाटेल, की हा वक्ता दारिद्र्याचे गोडवे गातो आहे. तसे झाले तर तो त्या माणसांवर अन्याय होईल. आपल्या मुलाने ही पाटी डोक्यावर घेऊ नये, असे बहुतेक डबेवाल्यांना वाटते. त्यासाठीच ते राबले, मुलांना शिकवले. मानेचे, पाठीचे, गुडघ्यांचे दुखणे त्यांच्या वाट्याला येते. एका खोलीत सात-आठ जणांनी राहायचे आणि घर-संसार इकडे गावी, हेही अनेकांचे प्राक्तन. आणि या संसाराच्या गोष्टीत एक पात्र नेहमी पडद्याआड राहते. मुंबईत पहाटे पाचला उठून तो डबा भरणारी गृहिणी हार्वर्डच्या अभ्यासात शोधूनही फारशी सापडायची नाही. तिच्याविना डबेवाला काय पोहोचवणार होता? आणि इकडे घोड नदीच्या काठी शेत, गुरे, सासू-सासरे आणि मुले एकटीने सांभाळणारी डबेवाल्याची पत्नी, तिचे कोणी छायाचित्र काढले नाही. पश्चिमेच्या गावांत उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करणाऱ्या आमच्या आदिवासी भगिनींचेही तेच. ज्याला पगारपत्रक नाही ते काम नाही, असे मानायची सवय आपल्याला शहराने लावली आणि आपण ती गावातही आणली.

मार्च २०२० मध्ये जे झाले ते आपण सर्वांनी पाहिले. लोकल थांबली आणि एकशे तीस वर्षांचे चाक थांबले. माणसे गावी परतली. लाखो मजूर देशाच्या रस्त्यांवरून चालत होते, तेव्हा आपली ही मंडळी निदान स्वतःच्या उंबऱ्यात येऊन बसली, कारण त्यांनी गाव सोडले नव्हते. जत्रेचे ते पाच दिवस, वारी, भावकीतली लग्नकार्ये, यांसाठी जे पैसे आणि जो वेळ त्यांनी वर्षानुवर्षे ‘वाया’ घालवला, तो त्या वेळी असा परत मिळाला. पण उंबरा पोट भरत नाही. एकराच्या तुकड्यावर किती जणांनी राबायचे? कोणी भाजी विकली, कोणी रखवालदारी धरली, कोणी रिक्षा चालवली. लोकल पुन्हा सुरू झाली तरी कचेऱ्यांतले बरेच लोक घरूनच काम करू लागले होते, आणि घरी बसलेल्याला डबा कशाला? पाच हजारांतले निम्म्याहूनही कमी आज त्या कामात उरले आहेत. एक उत्तम व्यवस्था, जिच्यात काही चुकत नव्हते, ती जगाच्या बदलत्या सवयींमुळे आक्रसली. चांगले काम करणाऱ्याचे काम टिकतेच, या भ्रमात आपण राहू नये.

म्हणून इथल्या तरुणांपुढचा प्रश्न सोपा नाही. चाकणच्या, रांजणगावच्या कारखान्यांत कंत्राटावर सहा-आठ महिने, मग घरी, मग पुन्हा दुसऱ्या ठेकेदाराकडे. किंवा स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात पाच-सात वर्षे. वय तिशीला टेकते आणि घरचे विचारेनासे होतात, हे न विचारणे मुलाला सर्वांत जास्त लागते. त्याला ‘आनंदी राहा’ म्हणून सांगणारी चित्रफीत फोनवर रोज येते. त्याला खरी गरज आहे ती एका गटाची, ज्यात त्याचा वाटा असेल, ज्यात त्याला दंड करणारी आणि म्हातारपणी सांभाळणारी आपली माणसे असतील. हे भाजीच्या वाहतुकीत होऊ शकते. मंचरच्या बाजारात रोज किती माल कोणाच्या गाडीतून जातो ते पाहा. दुधात होऊ शकते, हिरड्याच्या खरेदीत होऊ शकते, भीमाशंकरला येणाऱ्या यात्रेकरूंच्या सोयीत होऊ शकते. भांडवलापेक्षा अवघड आहे ते समान वाटणी मान्य करणे. तिथेच आपली बहुतेक मंडळे फुटतात, आणि ती का फुटतात हे गावात सगळ्यांना ठाऊक असते.

माझ्याकडे याचा तयार आराखडा नाही आणि बाहेरून आलेल्या माणसाने तो देऊही नये. एक सुचवतो. चैत्रातल्या जत्रेला ही मंडळी गावी येतील. त्यांच्या गळ्यात हार घालून, शाल देऊन त्यांना वाटेला लावू नका. देवळाच्या ओट्यावर एक संध्याकाळ त्यांना बसवा आणि समोर नोकरी शोधणारी मुले-मुली बसू द्या. पैशांची वाटणी कशी करता, भांडण झाले की कोण मिटवते, दारू प्यायलेल्या सोबत्याला परत कामावर कसे घेता, २०२० मध्ये घरी बसलात तेव्हा काय आठवायचे, असे प्रश्न मुलांनी विचारावेत. आयांनी आणि डबेवाल्यांच्या घरच्या बायकांनीही तेथे बसावे. त्यांची उत्तरे निराळी असतील आणि ती चारचौघांत आली पाहिजेत. जत्रेच्या तमाशाचा आणि कुस्त्यांचा कार्यक्रम ठरवणारी कमिटी इथे समोरच बसली आहे असे मला अध्यक्षांनी सांगितले आहे, तेव्हा तारीख आजच ठरवता येईल.